हातानं दिलेला खार

परवा एका लग्नाच्या पंगतीत पापडांचा विषय निघाला आणि शेजारी बसलेला एक शिकलासवरलेला गृहस्थ हसत हसत म्हणाला, "आमच्या गावात एक बाई होती म्हणे. तिनं चक्क साबणाचा कॉस्टिक सोडा चाटला होता." पंगतीत हशा पिकला. माझा घास हातातच राहिला. ती बाई कोण आणि तिनं तो का चाटला, हे मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी तिचं तोंड मी धुतलं होतं. म्हणून हे लिहायला बसलो. हसणाऱ्यांनी आधी वाचावं आणि मग खुशाल हसावं.

तिचं नाव सिद्धम्मा. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणत. माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. लग्न होऊन आमच्या तेरणाकाठच्या गावात आली, तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. नंतर ती फर्डं बोलायला लागली, तरी मोजणी मात्र कानडीतच करायची. वाटीनं पीठ मापताना 'वंदु, एरडु, मूरु' असं चाललेलं असे आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. नवरा शिवशरण भाड्यानं गाडी हाकायचा. गरीब माणूस. कुणी आवाज चढवला की हा आपला बैलांकडं बघायचा.

अक्काची ख्याती पापडांची. उडदाच्या पापडाचा सगळा जीव खारात असतो. खार कमी पडला तर पापड फुलत नाही, तव्यावरच्या भाकरीसारखा पडून राहतो. जास्त पडला तर तळताना लाल होतो आणि घशाला लागतो. पूर्वी अक्का खार घरीच करायची. आघाडा वाळवून जाळायचा, राख पाण्यात भिजवायची, वरचं निवळ पाणी काढून आटवायचं. पुढं बाजारात पापडखाराच्या पुड्या मिळायला लागल्या, मग तो खटाटोप थांबला. पण खार आघाड्याचा असो की पुडीचा, त्याचं पाणी झालं की अक्का त्यात बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावायची. "मुंगी चावल्यागत झालं पायजे," ती म्हणायची. "इंचू नगं."

हे तिनं शोधून काढलेलं नव्हतं. सगळ्याच बाया जीभ लावत. पण अक्काची जीभ चुकत नसे, म्हणून ज्यांच्या घरी पापड असत त्या तिला बोलवायला येत. तागडीचा भरवसा नाही एवढा त्या जिभेचा होता. तिला त्यात मिळायचं काय, तर मान, आणि लाटायला बसलेल्या बायांत वरची जागा. तिला तेवढं पुरेसं होतं.

ही गोष्ट लढाईच्या वर्षांतली. निजामाचं राज्य होतं. मी गावच्या पेठेतल्या दवाखान्यात कंपौंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा उस्मानाबादहून यायचे, एरवी औषधं, पट्ट्या आणि लोकांच्या शिव्या माझ्याकडं. राकेल कंट्रोलवर, साखर कंट्रोलवर. सोलापूर इंग्रजी हद्दीत, त्यामुळं तिकडून काही आणायचं तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अडवाअडवी. पापडखारही बाजारातून नाहीसा झाला होता.

अशात पोलीस पाटील बलभीमराव यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पाटलाच्या घरचं लग्न म्हणजे पापड हजारांनी. अक्काला बोलावणं गेलं. एवढ्या पापडांना पुरेल इतका आघाडा जाळायला दिवस उरले नव्हते. खार कुठून आणायचा, हा प्रश्न होता, आणि तो महालिंगप्पानं सोडवला. पेठेत सगळ्यात मोठं किराणा दुकान त्याचं. "सोलापूरचा पांढरा खार आलाय," तो अक्काला म्हणाला. "आपल्या खारापेक्षा तेज हाय. थोडकाच लागंल." पाटलाच्या नावावर पुडा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या अंगणात पंधरावीस बाया जमल्या. पिठाचा ढीग तयार होता. पोरं तर पहाटेपासून हजर, कारण पापडाच्या दिवशी पोरांना दुसरं काही सुचत नाही. कच्च्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खायच्या, त्यासाठी ती पोळपाटांभोवती घुटमळत असतात. मोठ्या बायाही चार लाट्या तोंडात टाकतातच. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

अक्कानं पितळी पातेल्यात पाणी घेतलं आणि त्यात पुड्यातला निम्मा खार टाकला. चूल अजून पेटवलेली नव्हती. तरी पातेलं कोमट झालं, मग हात लावू देईना इतकं तापलं. बायांना गंमत वाटली. सोलापूरचा खार सरपण वाचवतो, असं कुणीतरी म्हणालं. अक्का मात्र पाणी निवेपर्यंत थांबली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आणि दुसऱ्याच क्षणी तिनं ते पातेलं लाथेनं उलथून टाकलं.

सगळं पाणी अंगणातल्या मातीत गेलं. त्या खारानं तिचा पाय भाजला. बाया ओरडत उठल्या. पाटलीणबाई धावत आल्या. लग्नाच्या पहिल्या कामाला हा अपशकुन, आणि तोही लाथेनं. "काय झालं, का सांडलंस," असं सगळ्या विचारत होत्या, आणि अक्काला बोलता येत नव्हतं. जीभ सुजून तोंडात मावेना. ती हातानं पोरांना मागं ढकलत होती, तर बायांना वाटलं बाईच्या अंगात आलं. एकीनं शहाणपणा करून तिच्या तोंडात लिंबू पिळलं, खार मारायला म्हणून. त्यानं तिचे काय हाल झाले असतील ते तिलाच ठाऊक.

ती चालत दवाखान्यात आली. एका हातात उरलेला पुडा. मी तिला ओट्यावर बसवलं, पायावर घागर ओतली आणि तोंडाला गार पाण्याचे तांबे सुरू केले. चूळ भर, थुंक, चूळ भर, थुंक. खारानं भाजलं की पाणी, पाणी आणि पाणी, दुसरं काही नाही. मी किती घागरी रिकाम्या केल्या याचा हिशेब नाही. जिभेचा शेंडा पांढरा पडला होता, बोट साबणानं माखल्यासारखं बुळबुळीत होतं. ते बुळबुळणं म्हणजे तिचीच कातडी होती. असला खार अंगातल्या चरबीला धरतो आणि तिचा साबण करतो.

पुडा मी टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत त्याला पाणी सुटलं. पाऊस नाही, ओल नाही, तरी त्या पांढऱ्या पापुद्र्यांनी हवेतली ओल ओढून घेतली आणि खालचा टेबलाचा रंग सोलून काढला. मला शंका आली. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणत. दवाखान्यात एक जुनी जर्मनची वाटी होती, तिच्यात चिमूटभर खार टाकून पाणी घातलं. वाटी फसफसायला लागली, तापली, आणि थोड्या वेळानं तळ काळा पडून खड्डे पडले. पापडखारानं असं होत नाही.

तो पुडा घेऊन मी चाँदपाशाकडं गेलो. चाँदपाशा ओढ्याच्या कडेला साबण करायचा. करंजाचं तेल आणि खोबरेल, त्यात हा खार, आणि तारेनं कापलेल्या पिवळट वड्या. सगळं गाव त्या वड्यांनी धुणं धूत होतं. त्यानं पुड्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"ये खाने का नै है, कंपौंडर साब," तो म्हणाला. "ये हमारे काम का है. कॉस्टिक बोलते इसकू. बच्चों कू इसके पास खडे बी नै रहने देता मैं."

मग त्यानं मला सगळं दाखवलं. घोंगडीचा एक धागा आणि धोतराचा एक धागा त्यानं खाराच्या पाण्यात टाकून चुलीवर धरले. घोंगडीची लोकर विरघळून गेली, सुताचा धागा तसाच राहिला. खार नेहमी पाण्यात हळूहळू टाकायचा, खारावर पाणी कधी ओतायचं नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. डबा सदा घट्ट झाकलेला हवा. जर्मनच्या भांड्यात नाही, उघड्या हातानं नाही. सोलापूरच्या गिरण्यांत कापडाला हाच लागतो, तुंबलेली मोरी यानंच मोकळी होते, जुना रंग यानंच निघतो. चांगल्या कामाची वस्तू आहे. पण ती काय आहे हे घेणाऱ्याला सांगितलं पाहिजे.

"तुझ्याकडं कुठून आला?" मी विचारलं.

"आप्पा ने सोलापूर से डब्बा मंगाया मेरे वास्ते. आधा मैंने लिया. फिर तेल मिलना बंद हुवा, आधा उनकेच पास रया."

म्हणजे महालिंगप्पाला पक्कं माहीत होतं. डबा पडून होता, त्याला पाणी सुटत होतं, माल वाया जात होता. पापडखाराला मागणी होती. दोन्हीला आपण खारच म्हणतो. पापडाचाही खार, साबणाचाही खार. त्या एका शब्दाच्या आडोशाला उभं राहून त्यानं पाटलाच्या लग्नात ते जहर खपवलं. मला आजही हे लिहिताना हात आवरावा लागतो.

पण गावात वेगळीच हवा सुटली होती. महालिंगप्पा दुकानात बसून येईल त्याला सांगत होता, "म्या पापडखारच दिला. आता बाई कुठंकुठं जाते आपुन काय बघाय जावं? वढ्याकडं जाते. त्या साबणवाल्याच्या घरातनं आणलं आसंल काहीबाही." अक्का ओढ्यावर धुणं धुवायला जायची, सगळं गाव जायचं. पण एवढ्या बोलण्यावर बायांनी चाँदपाशाच्या वड्या घेणं सोडलं.

पाटलाला हे सोयीचं होतं. व्याह्यांच्या कानावर काही जायला नको होतं आणि महालिंगप्पाकडून लग्नाचा सगळा किराणा यायचा होता. त्यानं निकाल दिला. सिद्धम्मानं ह्यापुढं गावात कुणाच्या पापडाला हात लावायचा नाही. आणि चाँदपाशानं खाण्यात जहर घातलं अशी चिठ्ठी महिनाअखेरच्या बाजारानंतर ठाण्यावर जाणार. ठाण्यावर गेलेला गरीब माणूस लवकर परत येत नसे, हे कुणाला सांगायला नको.

आता माझी पाळी. डॉक्टर आले, त्यांनी अक्काचं तोंड लांबूनच पाहिलं. ते पाटलाकडं जेवूनच आले होते. मला म्हणाले, "बुकात लिहा, पानातल्या चुन्यानं तोंड भाजलं." अक्कानं जन्मात पान खाल्लं नव्हतं. मी वाटी दाखवली, टेबल दाखवलं. ते म्हणाले, "तुम्हाला नोकरी करायचीय ना?" मला करायची होती. मी चुना लिहिला. माझ्या अक्षरात लिहिला. दुसऱ्यांवर एवढा चिडतो आहे, तर हेही इथं लिहिलंच पाहिजे.

दोनतीन आठवडे अक्का दूध आणि पातळ पेज यांवर राहिली. जीभ भरून आली, पण शेंडा आखडला. र आणि ल तिला म्हणता येईना. खार म्हणायला गेली की 'खाय' असं निघायचं. पोरं तिच्यामागं 'खाय, खाय' करत फिरायची. हीच पोरं, जी त्या सकाळी लाट्या खायला टपून बसली होती. तिनं जीभ लावली नसती, किंवा लावून नुसती कळवळत बसली असती आणि कुणी घाईनं त्या पाण्यात पीठ भिजवलं असतं, तर यांतली किती पोरं उरली असती? हा प्रश्न गावात एकालाही पडला नाही. त्यांना दिसली ती फक्त लाथ.

त्या बाजाराच्या आदल्या दिवशी अक्का दवाखान्यात आली. तिनं मला विचारलं, बुकात काय लिहिलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "नोकयी हाय. म्हायत हाय मया." यापेक्षा तिनं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

मग ती उठून उभी राहिली आणि मला काहीतरी करून दाखवायला लागली. बोलायचा कंटाळा म्हणून ती हल्ली हातांनीच सांगायची. दुकानदार गादीवर बसलाय. गूळ मागितला, त्यानं हातानं फोडून दिला. मीठ मागितलं, मुठीनं भरलं. हळद हातानं, डाळ हातानं. मग खार मागितला. तिनं वाकून गादीखालून काहीतरी ओढल्यासारखं केलं, एका हातानं धोतराचा सोगा नाकाला लावला, आणि दुसऱ्या हातानं लांब दांड्याची पळी धरून, अंग मागं घेत, पुड्यात खार ओतला. करवंटीची पळी होती, तिनं सांगितलं. तेव्हा तिला वाटलं होतं, पाटलाच्या घरचा माल आहे म्हणून आप्पा सोवळ्यानं देतायत.

एवढा पुरावा डोळ्यांपुढं होता, आणि तो त्या अडाणी म्हटलेल्या बाईनं पाहून ठेवला होता.

"भाजय्यावय काय?" तिनं विचारलं. भाजल्यावर काय करायचं.

"पाणी," मी म्हणालो. "भरपूर गार पाणी. लगेच." जाताना तिनं तो पुडा माझ्याकडून मागून नेला.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात, माणसांची दाटी झालेली असताना, अक्का डोक्यावर भरलेली घागर घेऊन महालिंगप्पाच्या दुकानापुढं आली. मागं शिवशरण होता. तो वाटेत दोनदा "जाऊ दे की" म्हणाला होता, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. मी दवाखान्याला कडी घालून आलो होतो. चाँदपाशा लांब, आपल्या न विकल्या गेलेल्या वड्यांपाशी उभा होता. पाटील दुकानाच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

अक्कानं घागर दुकानाच्या पायरीवर ठेवली. पदर खोचला. कमरेचा पुडा काढला, तोच, पाणी सुटून चिकट झालेला, आता केळीच्या पानात बांधलेला, आणि पायरीवर उघडून ठेवला. तिनं शब्द अगदी मोजून आणले होते, तिच्या जिभेला जमतील असे.

"आप्पा, हा तुमचाच खाय. हातात घ्या."

महालिंगप्पा हसला. "काय म्हंती बाई? खाय?" दोघंतिघं हसले. ती थांबली. हसू विरेपर्यंत थांबली.

"हातात घ्या, आप्पा."

"माझा न्हाय त्यो. त्या साबणवाल्याचा हाय."

"मग तुमचा आणा," ती म्हणाली. "गादीखायचा. त्यो घ्या हातात."

पाटील मध्ये पडले. "सिद्धम्मा, तमाशा करू नगंस. दवाखान्याच्या बुकात लिवलंय, चुन्यानं भाजलं म्हणून."

तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. "ते मी लिहिलंय, पाटील, आणि ते खोटं आहे. आणि चुन्यानं भाजलं असेल, तर चाँदपाशावर चिठ्ठी कशाची लिहिलीत तुम्ही?" एका माणसाच्या दोन खिशांत दोन खोट्या गोष्टी होत्या आणि त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. पाटलाची सुपारी कातरायची थांबली.

अक्कानं आमच्याकडं पाहिलंही नाही. ती महालिंगप्पाकडंच बघत होती. तिनं घागरीवरचा तांब्या काढला, पाण्यानं भरला आणि उजव्या हातात धरून उभी राहिली.

"घागय आणयीय मी," ती म्हणाली. "गाय पाणी हाय. तुमी हात घाया. भाजयं तय मी पाणी घाइन. अंगणात मया कुणी घातयं नाय, पण मी तुमाया घाइन."

आता कुणी हसलं नाही. तिचं बोलणं कुणाला समजलं नाही असंही झालं नाही. महालिंगप्पा आपल्या हाताकडं बघत होता. सकाळपासून त्याच हातानं त्यानं शेकडो गिऱ्हाइकांना मीठ दिलं होतं, गूळ दिला होता. तो हात त्यानं मांडीखाली घेतला.

बास. सगळ्या बाजारानं ते पाहिलं. त्या पंधरावीस बायांतल्या बऱ्याच तिथं होत्या. एकीनं आपलं पोर उचलून कडेवर घेतलं आणि दुकानापासून दूर झाली. मग दुसरी. एका म्हातारीनं नुकतीच घेतलेली डाळ पायरीवर ठेवून दिली आणि निघून गेली.

पाटलानं ठाण्यावर चिठ्ठी पाठवली नाही. चाँदपाशाच्या वड्या पुढच्या बाजारी संपल्या. महालिंगप्पाला मात्र काहीही झालं नाही, हे सांगायला मला लाज वाटते. ना दंड, ना जाब. तो त्याच गादीवर म्हातारा होऊन मेला, आणि दवाखान्याच्या त्या जुन्या बुकात माझ्या अक्षरातला चुना अजून तसाच असेल. मी तो खोडायला गेलो तेव्हा बुकं जिल्ह्याला गेली होती.

अक्काला पुन्हा बोलावणी यायला लागली. बाया खाराचं पाणी घेऊन तिच्या दारात यायच्या, "अक्का, जरा बघा." ती बोट बुडवायची, जिभेला लावायची, आणि थोडा वेळ वाट बघायची. जिभेच्या शेंड्याला काहीच कळायचं नाही. मुंगी नाही, विंचू नाही. मग ती ज्या बाईनं खार आणला असेल तिला विचारायची, "कसा दिया?"

"हातानं दिला, अक्का."

"मग घाया पिठात," ती म्हणायची.